पितळी गोळा

"ताई, ह्याचं जरा वजन करा की."

दैवशाला वाघमोडेने पितळी गोळा माझ्या टेबलावर ठेवला. निवड चाचणीला दोन दिवस उरले होते. मी स्टोअरच्या दारात खुर्ची टाकून व्हॉलीबॉलच्या जाळीची तुटलेली घरं विणत बसले होते.

"त्याचं काय वजन करायचं?" मी म्हणाले. "चार किलोचा गोळा चारच किलो भरणार. तो काय तुझ्यासारखा होस्टेलच्या चपात्या खातो?"

एरवी ती अशा बोलण्यावर खळखळून हसायची. त्या दिवशी हसली नाही.

"तरी बी करा. मला चाचणीला ह्योच टाकायचाय."

"करते, करते. जेवणानंतर. काट्याचं कपाट आत्ता कोण उघडणार?"

ती "बरं" म्हणून निघाली. जाताना दोनदा तिने मागे वळून बघितलं. मला वाटलं, पोरगी चाचणीला घाबरली आहे.

याला आता पंधरा वर्षं झाली. तेव्हा विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं स्टोअर माझ्याकडे येऊन आठ वर्षं झाली होती. स्टोअर म्हणजे मैदानाच्या कडेची पत्र्याची लांबलचक खोली. चेंडूंत हवा भरायची, मॅट उन्हात टाकायच्या, भाल्यांची टोकं तपासायची, खेळाडूंना बूट-पोशाख द्यायचे आणि परत घेताना शिव्या घालायच्या, हे माझं काम. शिव्या मी मन लावून घालायचे. तरी पोरी माझ्याकडे यायच्या, कारण मी नुसती स्टोअरवाली नव्हते. समोरच्या भिंतीवर विद्यापीठ विक्रमांचा फलक होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : गोळाफेक, महिला, १२.३० मीटर, कु. मालन गोरड.

ती मालन गोरड मीच. त्या एका फेकीवर मला ही नोकरी मिळाली. नोकरीवर दोन भावांची शिक्षणं झाली, गावाकडे वडिलांच्या डोक्यावर पक्कं छप्पर आलं. माझ्या आधीचा विक्रम होता ११.७०. मी तो साठ सेंटिमीटरनी मोडला होता आणि नंतर अकरा वर्षांत त्याच्या जवळपास कुणी आलं नव्हतं. मला त्याचा केवढा गर्व होता! नवी पोरगी गोळा मागायला आली की मी आधी तिच्या दंडाकडे बघायचे, मग फलकाकडे बोट दाखवायचे. "नुसतं अंग असून चालत नाही बाई, अंगात काहीतरी असावं लागतं," म्हणायचे.

आणि निवड समितीचा नियम त्या फलकावरूनच ठरायचा. अखिल भारतीय स्पर्धेला जायचं तर विद्यापीठ विक्रमाच्या पंचवीस सेंटिमीटरच्या आत फेक पाहिजे. म्हणजे गोळाफेकीला बारा मीटर पाच. त्यामुळे अकरा वर्षांत आमच्या विद्यापीठातून एकही मुलगी गोळाफेकीला गेली नव्हती. लोक म्हणायचे, मालनबाईंनी फार उंच टांगून ठेवलंय. मला ऐकायला गोड लागायचं.

दैवशाला माणदेशाकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिचं ते शेवटचं वर्ष होतं. अखिल भारतीयचं प्रमाणपत्र मिळालं तर बी.पी.एड.ला खेळाडूंच्या जागेतून तिचा नंबर लागणार होता. नाही मिळालं तर वैशाखात लग्न. वडिलांनी दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या होत्या. "आबा वाईट न्हाईत," ती म्हणायची, "पण स्थळ थांबत न्हाई ना ताई." तिची फेक अकरा पंच्याऐंशी, अकरा नव्वदवर येऊन अडकली होती. मी तिला मनापासून शिकवत होते, हे मात्र खरं. मला ती आवडायची.

त्या सकाळी तिने पितळी गोळ्याचा हट्ट धरला.

तो गोळा म्हणजे माझा देव. त्यानेच मी विक्रम केला होता. माझ्या आधी स्टोअर सांभाळणारे मुलाणीचाचा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला होता. "हा वापरात काढू नको बेटी. वर ठेव," म्हणाले होते. मी तो कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. खंडेनवमीला स्टोअरमधल्या सगळ्या साहित्याची पूजा व्हायची. भाले, थाळ्या, हातोडे, अगदी हवा भरायच्या पंपालासुद्धा हळदीकुंकू लागायचं, पण नारळ फुटायचा पितळी गोळ्यापुढे. एरवी कुणाला मी हात लावू द्यायचे नाही.

"एकडाव फक्त, ताई," दैवशाला म्हणाली. "तुमचा हात लागलाय त्याला. माझ्या बी हाताला गुण येऊ दे."

असं कुणी बोललं की आपण विरघळतो. मी गोळा काढून दिला. स्टोअरमागच्या मोकळ्या जागेत तिने तो हनुवटीखाली धरला, वाकली, सरकली आणि सोडला. मी टेप लावली. बारा मीटर सत्तावीस.

मी टाळी वाजवली. "बघ, देव पावला!"

गोळा उचलून तिने दोनदा तळहातावर वरखाली केला. पुन्हा टाकला. बारा एकोणतीस. मग तो घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "ताई, ह्याचं जरा वजन करा की."

जेवणानंतर मी काटा काढला. चाचणीच्या आधी सगळे गोळे, थाळ्या, भाले काट्यावर घालायचे, वजनात बसतील त्यांना पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका लावायचा, हे कामच होतं. ठिपका असलेलंच साहित्य मैदानावर जातं. मग खेळाडूने त्यातलं हवं ते उचलावं. लोखंडी गोळे सगळे ठीक भरले. शेवटी मी पितळी गोळा ठेवला.

तीन किलो सातशे ऐंशी ग्रॅम.

मी तो उचलून पुन्हा ठेवला. काटा पुसून ठेवला. लोखंडी गोळा ठेवून बघितला, तो चार किलो भरला. परत पितळी ठेवला. तीन सातशे ऐंशी. गोळा उलटा केला. तळाला आट्यांचं झाकण होतं. पान्याने फिरवलं तर आत अंगठा जाईल एवढं भोक, रिकामं. पितळेचं वजन पुरं करायला त्यात शिसं ओतलेलं असतं. ते नव्हतंच.

मी स्टोअरला कुलूप लावलं आणि सायकल काढून चाचांच्या घरी गेले. ते अंगणात शेळीला पाला घालत बसले होते.

"चाचा, पितळी गोळा हलका आहे."

त्यांनी दचकल्यासारखं केलं नाही. "किती?"

"दोनशे वीस ग्रॅम."

"हां. तेवढाच होता."

"कधी तेवढाच होता?"

"तू फेकलास तेव्हा." त्यांनी पाला खाली ठेवला. "सकाळी वजनाची घाई होती. हा माझ्या हातून काट्यावर जायचा राहिला. झाकण ढिलं दिसलं म्हणून आवळलं आणि ठिपका लावून टाकला. आतलं शिसं कधी पडलं, अल्ला जाणे. मग तुझी फेक झाली. विक्रम झाला की गोळा परत काट्यावर घालायचा, हा तर कायदाच. घातला. पारडं वरच राहिलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"सांगायलाच उठलो होतो बेटी. खिडकीतून बघितलं तर पोरींनी तुला खांद्यावर घेतलेलं. तुझा बाप टोपीनं डोळे पुसत होता. साहेब म्हणत होते, या मुलीला आपण नोकरीत घेऊ. मी कागदावर चार किलो लिहिलं. गुन्हा माझा आहे."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. "माझ्या आयुष्याचं हसं केलंत चाचा," असंसुद्धा मी म्हणाले.

चाचा हळूच म्हणाले, "एक विचारू? इतकी वर्षं मी वजनं केली. विक्रम करणारा प्रत्येक जण काट्यापाशी धावत येतो. मान लांब करून बघतो, भरलं का, भरलं का. तू आली नाहीस."

"मी पोरींच्या खांद्यावर होते ना."

"हां," चाचा म्हणाले. "खांद्यावर होतीस."

मी निघताना ते फाटकापर्यंत आले. "माझं काय, मी पिकलं पान. सांगायचं तर सांग, माझं नाव घे. पण नोकरी तुझी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ते दोन दिवस मी काय काय ठरवलं! क्रीडा संचालक पाटणे सरांना सगळं सांगायचं ठरवलं. निदान विक्रमाबद्दल शंका आहे एवढंच म्हणायचं ठरवलं. चाचणी होऊ दे, मग सांगू, असंही ठरवलं. माझा विक्रम गेला तर जुना ११.७० वर येणार आणि निवडीचं मानक ११.४५ वर. दैवशाला तेवढं झोपेत फेकत होती. हे सगळं मला बोटांवर मोजल्यासारखं दिसत होतं. आणि भावांची तोंडंही दिसत होती. गावातल्या सत्काराचा फोटो दिसत होता. सकाळी आरशात बघून वेणी घालताना मी स्वतःलाच म्हणाले, पोरीत दम असला तर फेकेल की बारा पाच.

चाचणीच्या दिवशी गोळ्यांचा ट्रे मैदानात ठेवला. सहा लोखंडी गोळे, सहा पिवळे ठिपके. दैवशाला आली, ट्रेकडे बघितलं.

"पितळी न्हाई?"

"बाद झाला."

"वजनात?"

आजूबाजूला मुली होत्या. पाटणे सर हाकेच्या अंतरावर होते. "झाकण ढिलं झालंय त्याचं," मी म्हणाले. "जुना माल. चल, अंग गरम कर."

तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. मी लगेच खाली वाकून टेप सोडवायला लागले.

तिचे वडील आले होते. लाल पटका बांधलेला, हातात काठी, मैदानाच्या दोरीबाहेर एकटेच उभे. लेक फेकायला गेली की ते काठी दोन्ही हातांनी घट्ट धरायचे. पहिली फेक अकरा साठ. दुसरी फाऊल. मग अकरा त्र्याहत्तर, अकरा ऐंशी, पुन्हा अकरा ऐंशी. शेवटच्या फेकीला ती एवढ्या जोरात ओरडली की कबड्डीच्या मैदानावरची पोरं थांबली. गोळा पडला तिथे पंचांनी सळई रोवली. वर्तुळाच्या बाजूने टेप मी धरली होती. आकडा मीच वाचला.

"अकरा एक्याण्णव."

तो विद्यापीठाचा नवा विक्रम होता. हे त्या मैदानावर फक्त मला माहीत होतं.

पाटणे सर चांगला माणूस. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालनबाई, चौदा सेंटिमीटरच कमी पडतायत. मुलगी गुणी आहे. तुम्ही तिला शिकवलंय, विक्रमही तुमचाच आहे. तुम्ही म्हणालात तर समितीत मी शब्द टाकतो. पाठवू या का?"

त्यासाठी मला काही कबूल करावं लागणार नव्हतं. नोकरी जाणार नव्हती, फलक हलणार नव्हता. नुसतं "पाठवा" म्हणायचं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, मी होकार दिला तर सर विचारतील, आजवर कधी कुणाची रदबदली केली नाहीत, हिचीच का? मग तिला बोलावतील. मग ती पितळी गोळ्याचं बोलेल. एवढं सगळं माझ्या डोक्यातून तेवढ्या वेळात गेलं.

"नियम म्हणजे नियम, सर," मी म्हणाले. "मलाही कुणी सूट दिली नव्हती."

सरांनी मान हलवली. "तुमच्या शिस्तीचं कौतुक आहे," म्हणाले.

मी ट्रे उचलून स्टोअरकडे निघाले तर दैवशालाचे वडील आडवे आले. त्यांनी हात जोडले.

"बाई, किती कमी पडलं?"

"चौदा सेंटिमीटर."

त्यांना ते कळलं नाही. मी अंगठा आणि बोट ताणून दाखवलं. त्यांनी स्वतःचा हात पुढे करून तेवढंच माप धरलं, त्याच्याकडे बघितलं.

"वीतभर बी न्हाई," ते म्हणाले. "एवढ्यासाठी?"

"हो."

"असूंद्या. तुमी लई केलं तिच्यासाठी. दैवा, पाया पड बाईंच्या."

ती पुढे आली आणि वाकली. मी पाय मागे घेतले, पण तिचा हात लागलाच. वैशाखात तिचं लग्न झालं. पत्रिका मला आली होती. मी गेले नाही, अहेर पाठवून दिला.

चाचणीनंतरच्या आठवड्यात मी पितळी गोळा पिशवीत घालून गावातल्या ओताऱ्याकडे नेला आणि त्यात शिसं भरून घेतलं. त्याने झाकण लाखेने बंद करून दिलं. काट्यावर बरोबर चार किलो. चाचा पुढच्याच वर्षी गेले. आता कुणी कितीही तपासलं तरी काही सापडणार नव्हतं. मी गोळा परत वरच्या फळीवर ठेवला. खंडेनवमीला नारळ फोडला तेव्हा माझ्याने त्याला नीट हात जोडवले नाहीत, पण फोडला. लोक बघत होते.

काही वर्षांनी मानकाचा तो नियम कुणीतरी नव्या साहेबाने आपणहून काढून टाकला. त्यासाठी माझी गरज पडली नाही.

गेल्या वर्षी जुलैत दैवशाला आली. मी तिला लगेच ओळखलं नाही. अंगाने भरलेली, नऊवारी नाही पण डोक्यावर पदर, बरोबर एक उंच पोरगी. "माझ्या नणंदेची," म्हणाली. "इथं कॉलेजात घातलीय. भाला टाकती. म्हटलं, ताईंच्या हवाली करून यावं."

ती गावात अंगणवाडी चालवत होती. सकाळी शाळेच्या पटांगणात आठ-दहा पोरींना पळायला, फेकायला शिकवत होती. "गोळा न्हाई आमच्याकडं. वरवंट्यावर चाललंय," सांगून ती हसली. तेच खळखळून हसणं. मी चहा मागवला. पोरगी फलक वाचायला बाहेर गेली.

"ताई, पितळी हाय का अजून?"

मला नाही म्हणता आलं नाही. मी फळीवरून काढून दिला. तिने तो उजव्या तळहातावर घेतला, दोनदा वरखाली केला, अगदी त्या सकाळी केला होता तसा.

"भरून घेतला व्हय?"

"काय?"

"शिसं." तिने गोळा हलकेच टेबलावर ठेवला. "तवा हलका हुता. पाव किलोला थोडा कमी."

"तुला... वजन केलं होतंस तू?"

"वजन कशाला करायला पायजे? चार वर्सं रोज शंभर डाव चार किलो उचललेला हात. पयल्या डावालाच कळलं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस? सरांना सांगायचं होतंस."

"तुमाला सांगितलं की. म्हटलं न्हाई का, ह्याचं वजन करा म्हणून?" तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन होईना. "मला वाटलं, तुमाला ठाव नसंल. कळलं की तुमीच बोलाल. चाचणी झाली तरी वाट बघितली. पाया पडले तवा बी वाटलं, आता बोलतील."

मी कपाकडे बघत होते. माफ कर म्हणायचं होतं. म्हणाले, "मलाच तेव्हा माहीत नव्हतं गं. वजन केल्यावर कळलं. अकरा वर्षं मी चाचांच्या चुकीवर..."

"असंल," ती म्हणाली. मग गोळ्याकडे बघून, काही लागट बोलायचं म्हणून नव्हे, नुसतं मनात आलं म्हणून तिने विचारलं, "पण टाकताना तुमच्या हाताला न्हवतं कळलं?"

"नाही," मी म्हणाले.

तिने मान डोलावली, चहा संपवला, पोरीला माझ्या पायावर घातलं आणि एस.टी.च्या वेळेला निघून गेली.

मी विक्रम केला त्या दिवशी ट्रेमध्ये तीन गोळे होते. शेवटची फेक होती. पहिला उचलला तो लोखंडी, ठेवला. दुसरा लोखंडी, तोही ठेवला. तिसरा पितळी होता. हातात घेतल्याबरोबर मी चाचांच्या खिडकीकडे बघितलं होतं, आणि तिथे कुणी बघत नव्हतं.